तळहाताएवढी टेकडी

माझ्या आत्याला चष्म्याच्या काचेचा नंबर हाताने कळायचा. काच दोन बोटांत धरायची, अंगठा एकदा आतून आणि एकदा बाहेरून फिरवायचा, की झालं. "उणे सव्वादोन. आणि कडेला कोणीतरी घाई केलीये." मशीनवर लावली की मशीनही उणे सव्वादोनच सांगायचं. घाईचं मशीनला कळत नसे.

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात तिची एकतीस वर्षं गेली. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, सहा मशिनं, प्रत्येकावर थेंब थेंब गळणारा नळ आणि सगळ्यांच्या भुवयांवर राखाडी पूड. तिथे तिला सगळे मीटर म्हणत. नवीन लागलेली माणसं भीतभीत मीटरताई म्हणत. तिची एक सवय होती. काच धुवायची, कापडाने टिपायची, आणि सगळ्यात शेवटी तिच्यावरून तळहात फिरवायचा. कापडाला कण कळत नाही, कातडीला कळतो, असं ती म्हणे. तळहात फिरला की ती काच पास. त्यावर मालकही पुन्हा बघत नसत.

गावाबाहेरच्या टेकडीवर वेधशाळा आहे. तिथले सर एकदा चष्म्याची तक्रार घेऊन आले. नवा चष्मा लावला की डोकं दुखतं म्हणाले. आत्याने त्यांच्या नाकावरचा चष्मा स्वतःच उतरवला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सर, तुमच्या उजव्या डोळ्याचं स्थळ डाव्याला दिलंय कोणीतरी." दोन्ही काचा काढून तिने अदलाबदल करून बसवल्या. सरांनी चष्मा लावला, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं, आणि निघून गेले.

आठ दिवसांनी परत आले ते एक विचित्र काम घेऊन. वेधशाळेच्या गोदामात पंचेचाळीस सेंटिमीटर रुंदीची काचेची जाड चकती कित्येक वर्षं पडून होती. तिचा मोठ्या दुर्बिणीसाठी आरसा करायचा होता. करणारा माणूस मध्येच सोडून गेला, आणि आता वेधशाळा चालवणाऱ्या संस्थेची कमिटी म्हणत होती की तयार आरसा परदेशातून मागवा. सरांनी भांडून एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षाने कमिटीची तपासनीस येणार. आरसा पास झाला तर दुर्बिणीत बसणार. नापास झाला तर संस्थेच्या व्हरांड्यात एका स्टँडवर ठेवणार, खाली पाटी लावून.

आत्याने नुसती मान हलवत सगळं ऐकलं. पाटीवर काय लिहिणार, एवढंच विचारलं.

"स्थानिक प्रयत्न," सर ओशाळून म्हणाले.

आत्याने चहाचा कप खाली ठेवला. "आमच्याकडे माणूस चष्मा घ्यायला येतो सर. त्याला आम्ही प्रयत्न देत नाही."

इथेच ते काम तिचं झालं.

कारखान्याच्या मागच्या खोलीत, जिथे मोडक्या खुर्च्या ठेवत, एक लोखंडी पिंप वाळू भरून उभं केलं. त्यावर ती अठ्ठावीस किलोची चकती. तीन लाकडी खुंट्यांच्या मध्ये, ढळू नये अशी. काच बशीसारखी किंचित खोलगट व्हावी म्हणून हाताने घासायची, आणि घासताना पिंपाभोवती फिरायचं. पाच-सहा हात मारायचे, एक पाऊल सरकायचं. एका जागी उभं राहिलं तर आपला भार एकाच बाजूला पडतो आणि काच तिकडे जास्त झिजते. म्हणून फिरत राहायचं. आधी भरड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी चकाकीसाठी डांबराची गादी आणि लाल पूड. दुपारी तीनला कारखान्याचं काम संपलं की आत्या मागच्या खोलीत जायची आणि सातपर्यंत फिरायची.

काका, म्हणजे तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचे. सात वाजता ते तिला घ्यायला येत आणि दारात उभे राहून टोमणे मारत. मी एवढी वर्षं माणसांना सातव्या मजल्यावर नेतोय तर कोणी विचारत नाही, आणि ही एकदम आकाशाची लिफ्ट लावायला निघालीये, हा त्यांचा नेहमीचा. एकदा त्यांनी पावलं मोजून सांगितलं की मॅडम, तुम्ही आत्तापर्यंत पिंपाभोवती दोनशे किलोमीटर चाललात आणि निघालात तिथेच आहात. आत्या हात न थांबवता म्हणाली की पृथ्वीचंही तसंच आहे, तिला कोणी असं दारात उभं राहून बोलून दाखवत नाही.

सर आठवड्यातून दोनदा येत. माणूस विद्वान आणि मनाने फार चांगला, पण त्यांना एक खोड होती. कुठलंही बोलणं दोन घोटांत 'आपण म्हणजे काहीच नाही'वर येऊन थांबायचं. एकदा त्यांनी चहाचा रिकामा कप टेबलावर ठेवला. हा सूर्य म्हणाले. मग साखरेचा एक दाणा बोटावर घेऊन बारा पावलं चालत पार दारापर्यंत गेले आणि दाणा उंबऱ्यावर ठेवला. ही पृथ्वी. आणि सगळ्यात जवळचा तारा? तो म्हणजे असाच दुसरा कप, इथून दोन हजार किलोमीटरवर. मध्ये सगळा काळोख. आणि असे कप किती, तर मोजायला आयुष्य पुरायचं नाही. मग त्यांनी हात झटकले. "आता सांगा, त्या दाण्यावरच्या माणसाला काय अर्थ आहे? काहीच नाही."

आत्या उंबऱ्याजवळ जाऊन वाकली आणि दाण्याकडे बराच वेळ बघत राहिली. चष्मा वर करून, खाली करून.

"ह्याच्यावर बसून तुम्ही तो दोन हजार किलोमीटरवरचा कप मोजलात?"

"मी नाही. पण मोजलाय माणसांनी."

"दाण्याच्या मानाने बरंच आहे की," आत्या म्हणाली. आणि परत येता येता तिने विचारलं, "आणि सर, तुमचं ते काहीच नाही म्हणजे नेमकं किती?"

सर हसले. पण तिने गंमत केली नव्हती. तिच्या धंद्यात काहीच नाही असं माप नसतं. ह्या आरशात तर केसाचे हजार उभे काप केले आणि त्यातला एक काप चुकून जास्त राहिला, तरी आरसा वाया जातो. तेवढ्यानेही ताऱ्याचा ठिपका विस्कटतो. हे सरांनीच तिला शिकवलं होतं.

तेवढं बघायचं कसं, हेही त्यांनीच शिकवलं. खोली अंधारी करायची. आरसा एका टोकाला उभा करायचा. दुसऱ्या टोकाला दिव्याची पेटी, तिला सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून निघालेला उजेड आरशावर जाऊन परत येतो आणि एका ठिपक्यात गोळा होतो. त्या ठिपक्याला दाढीच्या ब्लेडने हळूच आडवं यायचं आणि ब्लेडमागून एका डोळ्याने आरशाकडे बघायचं. मग गुळगुळीत दिसणारी काच एकदम जमीन होते. संध्याकाळच्या उन्हात माळरान दिसावं तसे तिच्यावर चढ आणि उतार दिसायला लागतात, सावल्यांसकट. आत्याने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती दहा मिनिटं ब्लेडमागून हलली नाही. मग म्हणाली की एकतीस वर्षं मी जे अंगठ्याने बघत होते ते आज डोळ्याने दिसलं.

नियम एकच होता. घासून झाल्या झाल्या बघायचं नाही. घासताना काच तापते, तापली की फुगते, आणि फुगलेली काच खोटं बोलते. म्हणून रात्रभर झोपू द्यायची आणि सकाळी कामावर जायच्या आधी बघायची. आत्याने हा नियम वर्षभरात एकदाही मोडला नाही. आणि तरीही चूक झाली.

तपासणीला अकरा दिवस राहिले होते. आरसा जवळजवळ झाला होता. सकाळी सात वाजता आत्याने रात्रभर झोपलेली काच धुतली, टिपली, स्टँडवर उभी केली आणि ब्लेडमागे डोळा लावला. उजव्या बाजूला, कडेपासून चार बोटं आत, एक उंचवटा. काल नव्हता. तळहाताएवढा, गोलसर, स्पष्ट. तिने वेळ घालवला नाही. त्या दिवशी सुट्टी टाकली, डांबराची अंगठ्याएवढी गादी केली आणि बरोबर तेवढ्याच जागी घासून उंचवटा उतरवला. काच झोपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी खड्डा होता.

खड्डा म्हणजे संपलं. उंचवटा असेल तर तो उतरवता येतो. खड्डा भरता येत नाही, कारण काच परत चिकटवता येत नाही. खड्डा घालवायचा तर बाकीचा सगळा आरसा, अख्खा, त्या खड्ड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा.

काका संध्याकाळी आले तेव्हा आत्या अंधारात बसली होती. तिने सांगितलं की जेवढं होतं तेवढंच घासलं, अर्धा हातही जास्त मारला नाही. मग खड्डा आला कुठून? काकांनी एकही टोमणा मारला नाही, हीच त्या दिवसातली भयंकर गोष्ट, असं आत्या नंतर सांगायची. ते मोडक्या खुर्चीवर बसले.

"लिफ्ट चालता चालता बंद पडली की मी एकच विचारतो. शेवटचा हात कोणाचा लागला? तू काच उठवलीस. मग काय केलंस? एकेक सांग."

"धुतली."

"मग?"

"टिपली."

"मग?"

"मग काय, उभी केली आणि..." आत्या थांबली. तिने आपला उजवा हात मांडीवर उलटा करून बघितला. "शेवटी कण लागल्यासारखा वाटला होता. म्हणून हात तिथेच ठेवून शोधत होते. मिनिट, दोन मिनिटं."

ती उठली. आरशावर उजव्या बाजूला तळहात टेकवला, मनात शंभर मोजले, हात काढला आणि ब्लेडमागे गेली. खड्ड्याच्या जागी टेकडी उभी होती. तिच्या हाताची ऊब. ती बघत राहिली आणि टेकडी तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू बसत गेली. दहा मिनिटांनी खाली पुन्हा खड्डा.

चष्म्याच्या काचेला हाताच्या उबेने काही फरक पडत नाही, तिथे एवढं बारीक माप नसतंच. म्हणून एकतीस वर्षं ही सवय म्हणजे तिची शान होती. ज्या हातावर तिचं नाव झालं, त्याच हाताची ऊब तिने खरा उंचवटा समजून घासून काढली होती.

"म्हणजे तू स्वतःलाच घासलंस," काका म्हणाले. आणि मग दोघंही हसले, बराच वेळ.

आत्याने त्याच संध्याकाळी सरांना बोलावून घेतलं आणि पहिल्या वाक्यात सांगितलं की चूक माझी आहे. सरांनी ब्लेडमागून बघितलं. पुन्हा बघितलं. मग ते तिची समजूत काढायला लागले. खड्डा तसा लहान आहे. कमिटीच्या नजरेतून सुटेलही. आणि खरं सांगायचं तर मीटरताई, एवढ्याशाने काय होतं, ह्या पसाऱ्यात...

"सर," आत्या म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत, त्या लांबच्या तारकापुंजाचा उजेड निघाला तेव्हा माणूस जन्मालाही आला नव्हता. दोन कोटी वर्षं चालून येतोय. मध्ये कुठे थांबला नाही. आणि शेवटच्या पायरीला, माझ्या दारात, त्याला ठेच लागायची? मग तो आला कशाला?"

सरांनी दिव्याची पेटी बंद केली.

आत्याने नऊ दिवस घासलं. मालकांनी रजा दिली, ती काकांनी काय सांगून मिळवली ते आजवर कळलेलं नाही. ती सुती हातमोजे घालून काम करायची. आयुष्यात पहिल्यांदा. दिवसा पिंपाभोवती फेऱ्या, रात्री काच झोपलेली, सकाळी तपासणी. खड्डा रोज थोडा उथळ होत गेला. तिला सगळ्यात जड काय गेलं असेल तर घासणं नाही, शेवटी हात न फिरवणं. काच धुवून झाली की तिचा हात आपोआप उठायचा आणि ती दुसऱ्या हाताने तो धरायची. खोडकर मुलाला धरतात तसा, मनगटाला. दहाव्या दिवशी, तपासणीच्या सकाळी, आरसा एकसंध दिसला. तिला दिसला. कमिटीला दिसायचा होता.

तपासनीस बाई सकाळी अकराला आल्या. उंच, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर कमिटीचे दोन गृहस्थ. बाईंनी ब्लेडसुद्धा स्वतःचं आणलं होतं, चष्म्याच्या डबीत घालून. त्या बाहेर मालकांच्या टेबलावर कागद मांडत होत्या तेवढ्यात सर मागच्या खोलीत डोकावून आले. काका कामावरूनच आले होते, हातात पाना तसाच. मग दार लावलं, दिवा पेटवला. बाई ब्लेडमागे बसल्या.

त्यांनी ब्लेड केसभर सरकवलं.

"उंचवटा आहे," बाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला. वरच्या कडेजवळ. चांगला मोठा."

एका गृहस्थाने वहीत काहीतरी लिहिलं. आत्या आरशाकडे बघतही नव्हती. ती खोलीतल्या सगळ्यांच्या हातांकडे बघत होती, एकामागून एक.

"काचेला हात कोणी लावला?"

मग अंधारात सरांनी घसा साफ केला. "मी मघाशी आत आलो होतो. म्हणजे... वर्षभर इथे येतोय. आज ह्या काचेचं काय होतंय कोणास ठाऊक, असं वाटलं. म्हणून जरा टेकवला होता हात. निरोपासारखा."

"किती वेळ?"

"असेल एक-दोन मिनिटं."

आत्याने बाईंना दहा मिनिटं मागितली. बाई म्हणाल्या की त्या चोवीस वर्षं आरसे तपासतायत, काच काही दहा मिनिटांत आपला आकार बदलत नाही.

"काच नाही बदलणार," आत्या म्हणाली. "सर उतरतील."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि पुन्हा ब्लेडमागे बसल्या. दोन मिनिटं गेली. पाच. काकांनी पाना हळूच खिशात घातला. आठव्या मिनिटाला बाई म्हणाल्या, "बसतोय." बाराव्या मिनिटाला त्या उठल्या, दुसऱ्या गृहस्थाला बसवलं, मग पहिल्याला, मग पुन्हा स्वतः बसल्या आणि पुढचा एक तास आरसा इंच इंच मोजत राहिल्या. आत्याला कोणी बस म्हटलं नाही आणि ती बसली नाही.

मोजून झाल्यावर बाईंनी कागद उजेडात नेला. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं: दुर्बिणीत बसवावा. खाली करणाऱ्याचं नाव विचारलं आणि आत्याकडून अक्षर न् अक्षर नीट विचारून घेतलं.

सर दारापाशी उभे होते, आपला हात दुसऱ्या हातात घेऊन, काहीतरी फोडलेल्या माणसासारखे. आत्या त्यांच्यापाशी गेली.

"तुम्ही विचारलं होतं, दाण्यावरच्या माणसाला काय अर्थ. बघितलंत? नुसता हात टेकलात तर टेकडी झाली. माझ्या हाताचं तेवढंच 'काहीच नाही' निस्तरायला मला नऊ दिवस लागले होते."

सरांनी चष्मा काढला, पुसला, आणि लावायचा विसरले.

सामान आवरताना तपासनीस बाई घुटमळल्या. कागद बॅगेत गेले होते, ब्लेड डबीत गेलं होतं. "मला ते पुन्हा बघायचं आहे," त्या म्हणाल्या. "मघाशी मी दोष म्हणून बघितलं." आणि चोवीस वर्षं आरशांना बोट न लावलेल्या त्या बाईंनी घड्याळ काढून ठेवलं, हात धुतला, आणि काचेवर टेकवला. डबीतलं ब्लेड परत बाहेर आलं. मग कमिटीच्या गृहस्थांनी हात टेकवले. मग मालकांनी. बाईंची टेकडी अरुंद आणि उभट होती, मालकांची पसरट. काका नको नको म्हणत होते, त्यांना दोघांनी धरून पुढे नेलं. त्यांच्या करंगळीचं टोक फार वर्षांपूर्वी लिफ्टच्या दारात गेलंय. टेकडी उठली, तिच्या कडेला पाच बोटं पुसट दिसत होती, आणि पाचवीला टोक नव्हतं. काकांनी ब्लेडमागून आपली करंगळी बघितली आणि म्हणाले, "च्यायला, मीच आहे."

सगळे चहाला बाहेर गेले तेव्हा आत्या मागे राहिली. तिने काच पुन्हा धुतली. कापडाने टिपली. मग हातमोजे काढून टेबलावर ठेवले आणि तळहात सबंध आरशावरून फिरवला, मधून कडेपर्यंत, गोल गोल, सावकाश. बघायला ब्लेडमागे कोणी नव्हतं.

"एकही कण नाही," ती म्हणाली, आणि दिवा बंद करून काचेला झोपू दिलं.